ॲम्पात ॲम्प कसा घालावा
(कल्याण-डोंबिवली परिसरातील नवशिक्या गिटारवाल्यांसाठी)

सर्वप्रथम अभिनंदन. तुमच्याकडे इलेक्ट्रिक गिटार आहे, तिला जोडायला छोटा का होईना पण ॲम्प आहे, दोन्ही चालू आहेत आणि तरी तुम्ही कष्टी आहात. प्रवेशाच्या सगळ्या अटी पूर्ण झाल्या.

कष्टी का, असं विचारलं तर तुम्हाला धड सांगता येत नाही. ‘टोन नाय येत यार’ एवढंच तुम्ही म्हणता. घाबरू नका, यावर औषध निघालेलं आहे. हातात मावेल एवढी धातूची डबी, वर पाच-सहा नॉब, पायाने दाबायचं एक बटण, आणि आत एका भल्यामोठ्या विलायती ॲम्पची नक्कल. ही डबी गिटार आणि तुमचा ॲम्प यांच्यामध्ये लावायची. मग तुमचा खरा ॲम्प त्या नकली ॲम्पचा आवाज मोठा करून दाखवतो आणि तुम्हाला अस्सल टोन मिळतो. हे वाक्य पुन्हा वाचू नका. या वाटेला लागलेल्या कोणीही ते पुन्हा वाचलेलं नाही.

पायरी 1. आधी स्वतःच्या ॲम्पला नावं ठेवायला शिका

तुमचा ॲम्प बहुधा दहा-पंधरा वॅटचा, ट्रान्झिस्टरवाला, कपाट आणि पलंग यांच्यामधल्या फटीत बसणारा. त्याच्यावर ‘ओव्हरड्राइव्ह’ असं लिहिलेलं बटण आधीपासूनच आहे. ते दाबू नका. जे ॲम्पबरोबर फुकट आलं त्यात टोन कुठून असणार?

आता एक वाक्य पाठ करा: ‘व्हॉल्व्हची मजाच वेगळी.’ सोबत थोडा अर्थही ठाऊक असू द्या, कारण एखादा खवचट माणूस विचारतो. जुन्या रेडिओत असायचे तसे काचेचे व्हॉल्व्ह गिटारच्या ॲम्पमध्ये आजही असतात; पुढच्या भागात बहुतेक वेळा 12एएक्स7 या नावाचे. त्यांना झेपेल त्याहून जास्त सिग्नल पाजला की ध्वनिलहरीचा माथा हळूहळू चेपत जातो आणि त्यातून मूळ सुराच्या डोक्यावर नवे सूर उगवतात. हाच ओव्हरड्राइव्ह. ॲम्प बनवणाऱ्यांच्या लेखी हा दोष होता. पोरांनी तो दोषच उचलून धरला.

अडचण इतकीच की व्हॉल्व्ह असे खुलायला ॲम्प चांगलाच वर करावा लागतो. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांनुसार निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही मर्यादा. पन्नास वॅटचा व्हॉल्व्ह ॲम्प 55 वर थांबत नसतो. खडकपाड्याच्या सात मजली इमारतीत चौथ्या मजल्यावर तो खुलला, तर वरच्या तीन आणि खालच्या तीन मजल्यांनाही त्याचा लाभ होतो आणि सोसायटीच्या पुढच्या सभेत विषय क्रमांक एक तुम्ही असता.

शिवाय वजन. व्हॉक्स एसी30 सारखा ॲम्प तीस किलोच्या घरात जातो. तो घेऊन कल्याणहून सकाळच्या फास्टमध्ये चढून दाखवा. लगेजच्या डब्यातसुद्धा पाटीवाल्या मावश्या आधी तुमच्याकडे बघतील, मग ॲम्पकडे, आणि मग ‘हे कुठं ठेवनार तू?’ असा प्रश्न येईल, ज्याला उत्तर नाही. म्हणून डबी. डबी पाठीवरच्या सॅकमध्ये मावते. एवढ्या एका मुद्द्यावर ती शंभर टक्के खरी ठरते, हे आमचं प्रामाणिक मत आहे. यापुढे ते तुम्हाला या मार्गदर्शिकेत क्वचितच सापडेल.

पायरी 2. वंशावळ पाठ करा

टोन कानाने नंतर ऐकायचा असतो, आधी तो सांगता आला पाहिजे.

अमेरिकेत फेंडर कंपनीने 1950 च्या दशकात बासमन नावाचा ॲम्प काढला. तो होता बास गिटारसाठी. वाजवला मात्र साध्या गिटारवाल्यांनीच. लंडनच्या हॅनवेल भागात जिम मार्शल नावाचे ड्रम शिकवणारे गृहस्थ दुकान चालवायचे. अमेरिकन ॲम्प तिथे महाग पडे, म्हणून 1962 साली त्यांच्या माणसांनी बासमनचं सर्किट समोर ठेवून इंग्रजी सुटे भाग घालून स्वतःचा ॲम्प बांधला. तो जेटीएम45. पुढे 1965 मध्ये त्यांनी शंभर वॅटचा मोठा ॲम्प आणला, त्याचा मॉडेल क्रमांक 1959. पुन्हा सांगतो, 1959 क्रमांकाचा ॲम्प 1965 साली आला. मध्य रेल्वेच्या प्रवाशाला हे समजायला जड जाऊ नये.

आता याच ॲम्पची नक्कल पेडलमध्ये करतात. व्हॉल्व्हच्या जागी जेएफईटी नावाचे चिमुकले ट्रान्झिस्टर एकापुढे एक लावतात, म्हणजे व्हॉल्व्हसारखंच चेपणं होतं, निदान तसं म्हणतात. पेडल गाजलं की चीनमध्ये त्याची नक्कल निघते, निम्म्याहून कमी दरात. ती तुम्ही घेणार.

हिशेब करा. बासमनची नक्कल मार्शलने केली, मार्शलची पेडलने, पेडलची दुसऱ्या पेडलने, आणि तुम्ही त्याला ‘अस्सल ब्रिटिश साउंड’ म्हणता. इथे कल्याणकराला जन्मजात फायदा आहे. आपण विठ्ठलवाडी सोडली की पुढचंच स्टेशन उल्हासनगर. ‘मेड इन यूएसए’ म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद ऐकत आपण मोठे झालो. फाळणीनंतर लष्कराच्या रिकाम्या छावणीत उतरलेल्या माणसांनी काहीही हुबेहूब बनवून दाखवलं आणि त्यावर अख्खं शहर उभं केलं. त्यांच्या शेजाऱ्याने नकलेपुढे नाक मुरडणं शोभत नाही. त्यामुळे बिनधास्त घ्या.

ही पायरी संपवण्याआधी एक गोष्ट फार मोठ्याने न बोलता ऐकून ठेवा. ॲम्पची नक्कल करणाऱ्या सुरुवातीच्या गाजलेल्या यंत्रांपैकी एक म्हणजे न्यू यॉर्कच्या अँड्र्यू बार्टा यांचं सॅन्सॲम्प, 1989 सालचं. ते काढलं कशासाठी? तर ॲम्प न्यायलाच लागू नये म्हणून. गिटारची तार यंत्रात, यंत्राची तार थेट मिक्सरमध्ये, काम फत्ते. ते घेतल्यावर गिटारवाल्यांनी काय केलं? ॲम्पला जोडलं.

पायरी 3. घरची मंजुरी

संवाद असा होतो.

‘ॲम्प आहे ना रे तुझ्याकडे?’

‘आहे ना बाबा.’

‘मग हे काय नवीन?’

‘हापण ॲम्पच. म्हणजे ॲम्पसारखा.’

‘बरं. मग हा जोडणार कशाला?’

‘ॲम्पला.’

यानंतर बाबा चष्मा काढून पुसतात. पुसू द्या. मध्ये बोलू नका. ते स्वतःशी कुठेतरी हिशेब मांडत असतात आणि हिशेब जुळत नसला की आपली पिढी मागे पडली असा त्यांचा समज होतो. त्या समजाचा फायदा घ्या. तरीही गाडी अडली तर 1971 च्या ‘दम मारो दम’चा विषय काढा, त्यातली गिटार भूपिंदर सिंग यांची, असं सांगा. बाबा त्याचे संगीतकार पंचम यांच्या आठवणीत शिरले की एटीएम कार्डाकडे त्यांचं लक्ष राहत नाही.

पायरी 4. खरेदी

नवं घ्यायचं तर कल्याणहून फास्ट, दादरला पूल ओलांडून पश्चिम रेल्वेची स्लो, ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोड. तिथे पेडल मिळो न मिळो, तारा, जॅक, ॲडॅप्टर आणि सोल्डरिंगचं सामान हमखास मिळतं. वाद्यांच्या बड्या दुकानात गेलात तर तिथे पेडल एका मोठ्या, देखण्या ॲम्पला जोडून ऐकवतात. आवाज छातीत बसतो. तुमचं मन विरघळतं. तो आवाज पेडलचा किती आणि त्या ॲम्पचा किती, असा प्रश्न दुकानात विचारायचा नसतो. घरी गेल्यावर तो आपोआप पडतो.

जुनं घ्यायचं तर फलाट. आमच्या भागातले निम्मे पेडलचे सौदे ठाणे स्टेशनच्या फलाटावर होतात, असं म्हणायला हरकत नाही. समोरचा येतो, कानात इअरफोन, हातात बबल रॅप गुंडाळलेली डबी. तो नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी खिशातून काढतो, डबीला लावतो, बटण दाबतो. लाल दिवा लागतो. ‘बघ, वर्किंग आहे.’ तुम्ही दिवा बघता. नॉब एकेक करून फिरवून बघता, कुठे अडकतोय का. डबी कानाशी हलवून आत काही खुळखुळतंय का ऐकता. एवढ्यात त्याची लोकल येते, तो पैसे मोजत चढतो, आणि गिटारचं एक उपकरण एकही सूर न ऐकता तुमच्या मालकीचं होतं. टोनची पारख यालाच म्हणतात.

पायरी 5. वीज

पेडलला नऊ व्होल्ट लागतात आणि बहुतेकांना मधली पिन ऋण लागते. घरात पडलेला सेट-टॉप बॉक्सचा ॲडॅप्टर त्या भोकात अगदी छान बसतो. तो बारा व्होल्टचा असतो आणि त्याची मधली पिन धन असते. छान बसतो म्हणून लावू नका. ही एकमेव सूचना आम्ही गंभीरपणे देत आहोत.

आता घरघर. तुमच्या ॲम्पच्या तीन पिनांच्या प्लगमधली जाड पिन अर्थिंगची, आणि जुन्या इमारतीत त्या पिनेच्या भोकामागे भिंतीशिवाय काही असेलच असं नाही. पेडलचा गेन वाढवला की ही घरघर शेकडो पट होऊन स्पीकरमधून बाहेर पडते. लोक यावर नॉइज गेट, फिल्टर, महागडे पॉवर सप्लाय असे उपाय सांगतात. आपण गाण्याच्या गावातले आहोत. इथे गायन समाज आहे, देवगंधर्व महोत्सव होतो. आपण घरघरीला स्वर मानू.

आपली वीज 50 हर्ट्झची. पेटीवर हा सूर पांढरी पाचच्या किंचित वर येतो, अगदी खालच्या सप्तकात. म्हणजे महावितरण तुम्हाला चोवीस तास विनामूल्य तंबोरा पुरवत आहे. गिटार पांढरी पाचच्या जरा वर चढवून लावा आणि गेन पूर्ण उघडा. घरघर गाण्यात मिसळून जाईल, श्रोते षड्ज समजतील. अमेरिकेत वीज 60 हर्ट्झची, त्यामुळे तिथल्या पोरांची घरघर काळी पाच आणि पांढरी सातच्या मध्ये कुठेतरी लोंबकळते. बिचारे. खरा ‘अमेरिकन साउंड’ हवा असेल तर ती घरघरही आयात करावी लागेल.

पायरी 6. स्पीकरची नक्कल बंद करा

बऱ्याच डब्यांवर एक बारीकसं बटण असतं, कधी मागे, कधी बाजूला, कधी आत. त्यावर ‘कॅब’ असं काहीतरी लिहिलेलं असतं आणि त्याकडे सगळेच दुर्लक्ष करतात. गिटारचा स्पीकर साधारण 5,000 हर्ट्झच्या वरचं फारसं काही वाजवत नाही. तिथून आवाज झपाट्याने उतरतो. ही उणीवच गिटारच्या आवाजाला गोलाई देते. डबीने स्पीकरचीही नक्कल केलेली असते, थेट मिक्सरला जोडणाऱ्यांसाठी. तुम्ही पुढे खरा स्पीकर लावणार. म्हणजे गाळलेला चहा पुन्हा फडक्यातून गाळणं आलं. रंग उरतो, चव जाते.

तेव्हा ते बटण बंद करा. ‘माझं पेडल एवढं मचूळ का वाजतं’ अशा तक्रारींपैकी बऱ्याच इथेच मिटतात. वाईट वाटतं, पण या उपायाला पैसे पडत नाहीत, त्यामुळे यावर कोणाचा विश्वास बसत नाही.

पायरी 7. नॉब

डबीवर बास, मिड, ट्रेबल. ॲम्पवर पुन्हा बास, मिड, ट्रेबल. आता तुमच्याकडे एकूण सहा नॉब आहेत आणि एकाच गोष्टीवर दोन वेळा चुकायची सोय आहे.

फेंडर जातीच्या ॲम्पमध्ये हे नॉब असे रचलेले असतात की मधले सूर, साधारण 400-500 हर्ट्झच्या आसपासचे, आपोआप खाली बसतात. म्हणून तो स्वच्छ, चकचकीत वाजतो. तुमची डबी ‘अमेरिकन’ असेल तर तिने मधले सूर एकदा खाली बसवले. तुमचा ॲम्प त्याच घराण्यातला असेल तर त्याने ते दुसऱ्यांदा बसवले. त्यावर तुम्ही स्वतः बास दहावर, ट्रेबल दहावर आणि मिड शून्यावर नेलात, कारण खोलीत एकट्याने वाजवताना असंच भारी वाटतं. वाटतंच. आरशासमोर तर फारच.

मग तुम्ही भाड्याच्या जॅम रूममध्ये जाता. ड्रमवाला पहिली झांज वाजवतो आणि तुमचा ट्रेबल गेला. बासवाला पहिला सूर लावतो आणि तुमचा बास गेला. उरले मधले सूर, ते तुम्ही घरी ठेवून आलात. तुमचे हात हलताना दिसतात, आवाज येत नाही. यावर साधा इलाज म्हणजे ॲम्पचे तिन्ही नॉब मध्यावर आणून सोडायचे, डबीवर मिड वाढवायचा, गेन आपल्याला हवासा वाटतो त्याच्या निम्मा ठेवायचा. आवाज जरा नाकात येतो, एकट्याने ऐकायला लाज वाटते, पण बँडमध्ये ऐकू येतो. सर्वसाधारण शिष्य हा इलाज नाकारतात आणि आणखी ताकदवान ॲम्प घेतात.

पायरी 8. दुसरा ॲम्प

हो, घ्यावा लागतो. डबी चांगली वाजावी असं वाटत असेल तर ॲम्पला स्वतःचा स्वभाव नसलेला बरा, असं जाणकार सांगतात. यासाठी रोलँड जॅझ कोरस 120 याचं नाव आदराने घेतात: 1975 सालचा, व्हॉल्व्ह एकही नाही, बारा इंची दोन स्पीकर, आवाज काचेसारखा स्वच्छ. वजन अठ्ठावीस किलो. तीस किलोचा ॲम्प नको म्हणून डबी घेतली, डबीसाठी आता अठ्ठावीस किलोचा ॲम्प घ्यायचा. दोन किलो वाचले ते लगेजच्या डब्यातल्या मावश्यांना आवर्जून सांगा.

पायरी 9. मागच्या दाराने

जास्त शिकलेल्यांसाठी. ॲम्पच्या पाठीवर ‘रिटर्न’ लिहिलेलं भोक असेल तर डबीची तार पुढे न लावता तिथे लावा. ॲम्पचा पुढचा अर्धा भाग त्यामुळे बाजूला पडतो, त्याचे नॉब कितीही फिरवले तरी काही होत नाही, आणि नक्कल स्वच्छ ऐकू येते. थोडक्यात, ॲम्पमधला ॲम्प काढून टाकला की ॲम्पची नक्कल उत्तम वाजते. सगळ्या पायऱ्यांत ही एक खरोखर चांगली लागू पडते, हे लिहिताना आम्हालाही जड जातंय.

पायरी 10. गुरू शोधा

परदेशी गुरू हवा असेल तर किंक्स बँडचा डेव्ह डेव्हिस. 1964 साली त्याने एल्पिको नावाच्या चिल्लर ॲम्पचा स्पीकर ब्लेडने चिरला आणि तो फाटका ॲम्प मोठ्या व्हॉक्स एसी30 ला जोडला. ॲम्पात ॲम्प घालण्याचा हा मूळपुरुष. त्याने नक्कल विकत घेतली नाही, होता तो ॲम्प बिघडवला. खर्च एका ब्लेडचा.

देशी गुरू हवा असेल तर हळदीला जा. कल्याण-डोंबिवलीच्या आजूबाजूच्या कुठल्याही आगरी-कोळी गावात लग्नाच्या आदल्या रात्री टेम्पोवर बेंजो चढतो. 1912 साली जपानच्या नागोयात निघालेल्या ताइशोगोतो या वाद्याचा हा आपल्याकडचा वंशज. टाइपरायटरसारखी बटणं, खाली तारा. रवी जाधव यांनी यावर 2016 साली ‘बँजो’ हा अख्खा सिनेमा काढला. बेंजोवाला काय करतो ते नीट बघा. तारांखाली पिकअप, त्याची तार सभेच्या ॲम्पमध्ये, ॲम्पचा नॉब जिथपर्यंत फिरतो तिथपर्यंत, आणि पुढे पत्र्याचे भोंगे. भोंग्यात बास नाही, वरचे चकचकीत सूर नाहीत, आहेत ते सगळे मधले. पायरी 7 मध्ये तुम्ही घरी विसरलेले. ते सूर फाटतात, चिरकतात, आणि पत्री पुलाच्या पलीकडेही गाणं ओळखू येतं. त्याला विचारा, ‘दादा, ओव्हरड्राइव्ह कुठला वापरता?’ तो म्हणेल, ‘ऑं?’ आवाजामुळे त्याला प्रश्न ऐकू गेलेला नसतो.

पायरी 11. पहिला कार्यक्रम

गणपतीचं मंडळ, कॉलेजचा महोत्सव किंवा कोणाच्या तरी भावाचं संगीत, काहीही असो. तुम्ही दोन मित्रांच्या मदतीने ॲम्प रिक्षात घालता, डबी, तारा, ॲडॅप्टर सगळं वेळेआधी मंडपात नेता, पायरी 6 प्रमाणे कॅबचं बटण बंद, पायरी 7 प्रमाणे नॉब मध्यावर, सगळं शिस्तीत. साउंडवाला येतो. तोंडात मावा असतो, त्यामुळे बोलतो कमी. ॲम्पकडे बघतो, डबीकडे बघतो, वाकून डबीतून ॲम्पकडे जाणारी तार उपटतो आणि स्वतःच्या मिक्सरच्या तारेला लावतो.

‘ॲम्प नको दादा. लाइनवरच घेतो.’

वाद घालू नका. 1989 साली न्यू यॉर्कमध्ये बार्टासाहेबांना हेच अभिप्रेत होतं. ॲम्प रंगमंचावरच राहू द्या, तासाभरात त्याच्यावर पाण्याच्या बाटल्या, निवेदिकेची पर्स आणि सत्काराचे नारळ येऊन बसतील. तुम्ही फक्त एक करा. आता समोर खरा स्पीकर नसल्यामुळे तुमची गिटार पत्रा खरवडल्यागत वाजू लागेल, तेव्हा पायरी 6 मध्ये बंद केलेलं बटण ताबडतोब चालू करा. डबी चिनी असून तिला असं बटणच नसेल तर निराश होऊ नका, स्पीकरची नक्कल करणारी वेगळी डबी मिळते. ग्रँट रोडला कसं जायचं ते पायरी 4 मध्ये दिलंच आहे.